आप्पांची लांब वही

आप्पा आषाढातल्या एका पहाटे गेले. साडेचारच्या सुमारास, घरीच, झोपेत. वय ७४. आठवडाभर त्यांना धाप लागत होती म्हणून मी कोल्हापूरहून बेळगावच्या शहापूरला, माहेरी येऊन राहिले होते. आईच्या हाकेनं माडीवरून खाली आले तोवर दादानं नाडी बघितली होती, छातीला कान लावून झाला होता. मग तो उठला आणि त्यानं पंखा बंद केला.

मला त्याचा इतका राग आला! बाप गेलाय आणि हा विजेचं बिल वाचवतोय, असं काहीसं मनात येऊन गेलं. अशा वेळी डोकं कुठंही भरकटतं. दादा काही बोलला नाही. कपाटावरची लांब वही काढून त्यानं पहिलं पान माझ्यापुढं धरलं. लाल शाई, आप्पांचं ठसठशीत अक्षर: 'पंखा बंद. डोक्याखाली उशी. पापण्या मिटवून वर ओला कापूस. मग फोन. रडणे नंतर.'

नेत्रदानाची ही तयारी आप्पांनी गल्लीत किती घरांत केली असेल, मोजदाद नाही. सहा तासांच्या आत डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा काढावा लागतो. पंखा चालू राहिला तर तो वाळतो, म्हणून ही घाई. मरणाच्या घरात, हंबरडा चालू असताना, हा माणूस पुढं होऊन विचारायचा, "डोळे द्यायचे काय?" कुणी हो म्हणायचं, कुणी शिव्या घालायचं. शिव्या खाऊनही तिसऱ्या दिवशी त्याच घरी रक्षाविसर्जनाला हजर.

फोन मी केला. पाऊस कोसळत होता, तरी माणसं तासाभरात आली. जवळच्या नातेवाइकाची सही, दोन साक्षीदार, तपासणीसाठी थोडं रक्त, एवढंच. आधी कार्ड भरलेलं असलं-नसलं तरी चालतं, घरच्यांची संमती मात्र लागतेच, हे मला तेव्हा कळलं. आई दारात बसून होती. तिनं विचारलं, "ह्यांना चष्मा होता, मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. चालतंय काय?" चालतं म्हणाले. वीस मिनिटांत सगळं झालं. आत जाऊन मी चेहरा निरखून बघितला. काही फरक नव्हता. काय बघायला मिळेल या भीतीनं मी दारात दोन मिनिटं उभी राहिले होते, तेवढीच फुकट गेली.

गल्लीतले डॉक्टर आले, मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहून देऊन गेले. उजाडलं. माणसं दारात जमायला लागली आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. तीस-चाळीस बाप्ये छत्र्या धरून नुसते उभे. पंच मंडळी आली, तीही उभी. एकमेकांकडं बघायलेत. तू कामट्या आण, तू शेणी सांग, तू पाव्हण्यांना फोन लाव, असं सांगणारा माणूस आत निजला होता ना! पंचेचाळीस वर्षं ह्या गल्लीतली बहुतेक प्रत्येक माती आप्पांनी उरकली होती. (आमच्याकडं अंत्ययात्रा कुणी म्हणत नाही. 'माती कधी हाय?' असंच विचारतात.) शेवटी समोरचे मामा म्हणाले, "वही आण गा." दादानं वही दिली आणि माणसं हलली.

ती वही सांगितलीच पाहिजे. व्यापाऱ्यांच्या खतावणीसारखी, उभी, लाल कापडी बांधणीची. पहिल्या भागात सामानाच्या याद्या: बांबू दोन, कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, कापूर, तूप, बुक्का, गुलाल, तुळस. पुढं बारीक अक्षरात टिपा. 'पावसाळ्यात शेणी शंभर जास्त.' 'सुतळी नवीनच, घरातली नको, तुटते.' 'मयताच्या बायकोला चहा कुणी देत नाही, तेवढं बघणे.' आमच्या आईला त्या सकाळी कुणीतरी येऊन चहा दिला. मला वाटलं, शेजारणीचं मन. नंतर कळलं, मामांनी वाचून सांगितलं होतं.

आम्ही बायका स्मशानात गेलो नाही. आमच्यात जात नाहीत. त्यामुळं शहापूर स्मशानभूमीत काय झालं ते मला ठाऊक नाही, मी ते सांगणार नाही. मला ठाऊक आहे ती मागच्या दाराची बादली. लहानपणी शाळेतून आल्यावर मागच्या दारी गरम पाण्याची बादली आणि बाजूला आप्पांचं धुतलेलं धोतर दिसलं की आम्ही ओळखायचो, आज कुणीतरी गेलं. आई बंब पेटवून पाणी काढून ठेवायची आणि पुटपुटायची, "जगाची माती करत हिंडतोय हा माणूस." ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात हे मला बरंच मोठं झाल्यावर लक्षात आलं. आईला आधीपासूनच ठाऊक असणार.

त्या दिवशी दुपारी दादा आणि मंडळी परत आली तेव्हा बादली भरून ठेवायचं कुणाच्या लक्षात नव्हतं. आईच उठली. मी नको म्हटलं तर माझ्याकडं असं बघितलं की मी बाजूला झाले.

तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाची वेळ पेपरात द्यायची होती. निधनवार्ता लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी 'शिकलेली'. ओळी ठरलेल्या असतात: त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, विवाहित मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. त्याच्या आधी एक ओळ मोकळी असते, माणूस कोण होता ते सांगायला. मी 'सामाजिक कार्यकर्ते' लिहिलं आणि खोडलं. त्यांना कुणी कार्यकर्ता म्हटलं की ते म्हणायचे, मी पॅटर्नमेकर आहे. शेवटी तेच लिहिलं. पेपरवाल्या पोरानं फोन करून विचारलं, "मॅडम, म्हणजे काय?"

म्हणजे असं. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्र्या आहेत, ओतकामाचे कारखाने. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. गार होताना बीड आकसतं, मीटरला सुमारे दहा मिलिमीटर. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा, आणि दर वेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात तेवढी लांब असते. आप्पा ती पट्टी घरी आणायचे आणि आमची उंची त्याच पट्टीनं मोजून स्वयंपाकघराच्या चौकटीवर खुणा करायचे. शाळेत उंची मोजली की घरच्यापेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरायची. मी तक्रार केली तर म्हणाले, "घरात जरा कमीच असावं माणसानं."

रेल्वेच्या तिसऱ्या गेटावरून सायकलनं उद्यमबाग, संध्याकाळी परत, हातपाय धुऊन गल्लीत. पण रात्री आठ वाजता ताटावर घरीच. हा नियम कधी मोडला असेल तर मातीसाठी किंवा दवाखान्यासाठी. ताटावर बसल्यावर आधी माझा अभ्यास, मग दादाची मारामारी, मग आईचं काय ते. फौंड्रीतल्या उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून त्यांनी माझ्यासाठी भातुकलीची खुर्ची केली, आणि तशाच तुकड्यांतून शिवजयंतीच्या चित्ररथाचा बुरूजही. आमच्याकडं शिवजयंती वैशाखात आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर. एका वर्षी मी त्यांच्या बुरुजावर जिजाऊ होऊन उभी होते आणि मध्यरात्री उभ्या उभ्या झोपले. आप्पा रथामागून चालत होते. तिथून पुढं घरापर्यंत एक हात वर करून माझी पाठ धरून चालले, असं आई सांगते. मला आठवतं ते फक्त जरीचं टोचणं.

आता कागदपत्रांकडं येते, कारण खरी परीक्षा तिथं होती.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती झाली, डॉक्टरांचा दाखला आणि स्मशानातली पावती होती. मृत्यूचा दाखला हातात आल्यावर मात्र पुढची रांग लागली. नाडकचेरीतून (महसूल खात्याची इथली कचेरी) हयात वारसांचा दाखला, वंशावळ, बँक, घरपट्टीवरचं नाव, आणि ईपीएसची, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीची तुटपुंजी पेन्शन, जिच्यातली निम्मी आता आईला मिळणार. सगळे अर्ज कन्नडमध्ये. माझं कन्नड म्हणजे भाजी घेण्यापुरतं. शाळेत शिकले, लग्न होऊन कोल्हापूरला गेले आणि अक्षरं पुसली गेली. दादा बोलतो फाडफाड, पण लिहिताना त्याचीही तीच गत.

आप्पा मात्र लिहायचे. इथं थोडं थांबते, कारण बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचं बेळगाव महाराष्ट्राकडं न येता तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. म्हणून दर १ नोव्हेंबरला आप्पा दंडाला काळी फीत बांधून निषेध फेरीत सायकल घेऊन जात. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जात. १९५६ ला ते सहा वर्षांचे होते, घरची दारं दिवसभर बंद होती एवढंच त्यांना आठवायचं. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त तिथं कागद त्यांच्या भाषेतही मिळाले पाहिजेत, ह्या मागणीच्या प्रत्येक मोर्चात ते असत. आणि मोर्चाहून येऊन ओट्यावर बसून म्हाताऱ्यांचे कन्नड अर्ज भरून देत. कुणीतरी एकदा टोचून विचारलं, "मग मोर्चाला कशाला जाता?" आप्पा म्हणाले, "मोर्चा नातवासाठी. अर्ज ह्या महिन्याच्या पेन्शनसाठी." मी तिथं पायरीवर बसून शेंगा फोडत होते. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

वहीचा मधला भाग ह्याच कामाचा निघाला. डावीकडं मराठी शब्द, मधे कन्नड अक्षरं, उजवीकडं देवनागरीत उच्चार. वडील: तंदे. बायको: हेंडती, अर्जात पत्नी. मुलगा: मग. मुलगी: मगळु. पत्ता: विळास. शेजारी कंसात आप्पांची टीप, 'विलास नव्हे'. त्यांनी चाळिशीनंतर हे सगळं स्वतःचं स्वतः शिकून घेतलं होतं. फौंड्रीतल्या एका कन्नड मोल्डरनं, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्यानं शिकवलं, बदल्यात आप्पांनी त्याच्या पोरीला गणित.

मी तीन रात्री त्या पानांवरून अक्षरं गिरवली. पहिल्या अर्जात 'अर्जदाराचं मयताशी नातं' ह्या रकान्यात मगळु लिहिताना हात कापत होता. दुःखानं नव्हे, शेवटच्या अक्षराचा उकार कुठं वळतो ह्या धास्तीनं. खिडकीतल्या माणसानं अर्ज बघितला, माझ्याकडं बघितलं आणि चक्क मराठीत विचारलं, "कुणी शिकवलं?" वही दाखवली. त्यानं चार पानं उलटली, एके ठिकाणी पेनानं एक मात्रा दुरुस्त केली आणि वही परत दिली. आप्पांची चूक दुरुस्त झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

दुसरीकडचा अनुभव एवढा गोड नव्हता. एका कचेरीत कागद अडकला. आप्पांच्या नावापुढं आधारवर 'राव' होतं, कारखान्याच्या कागदावर नव्हतं, आणि मतदार यादीत आडनावच एका अक्षरानं वेगळं. तीन कागद, तीन माणसं. मला सांगितलं, ही एकच व्यक्ती कशावरून? ह्या प्रश्नावर मला रडायला यायला हवं होतं. पण मला हसू आलं, कारण वहीत ह्याच्यावर आख्खं पान होतं. 'नावात फरक: एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र. आधी सर्व कागदांच्या झेरॉक्स. वाद घालू नये, चहाच्या वेळी जाऊ नये.' गल्लीतल्या पन्नास जणांची नावं त्यांनी असं करून जुळवली होती. स्वतःचं नाव जुळवायला त्यांना वेळ झाला नव्हता. चार फेऱ्या झाल्या, दोनदा कोल्हापूरहून एसटीनं आले. सीमावाद पेटला की पहिली बस बंद होते इकडं. त्या महिन्यात सगळं शांत होतं, नशीब.

तिसरा भाग रक्ताचा. नाव, गट, घर, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं त्याची तारीख. तीन महिने झाल्याशिवाय त्या माणसाला परत फोन करायचा नाही म्हणून ती तारीख. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आईनं त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही, तेव्हा ही पानं मांडीवर घेऊन ते दिवसभर फोन करत बसायचे. आवाज बसला होता. मी आईला विचारलं, हे रक्ताचं खूळ कधीपासून? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या वेळेला मला रक्त लागलं. कुणाचा गट काय, कुणालाच माहीत नाही. हे रात्रभर सायकल मारत हिंडले. तवापासून." इतकी वर्षं मला कुणी बोललं नव्हतं. विचारलंस कधी, म्हणाली.

वहीच्या समासात कधीकधी आमचीही नावं दिसतात. कुणाच्या तरी बाराव्याच्या हिशोबाशेजारी 'बाळीचा गणिताचा पेपर, ७ ला घरी.' कुठल्या तरी डॉक्टरच्या नंबराखाली 'हिचे औषध संपले.' मी ही पानं आईला वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिहून ठेवलं म्हणजे आणलंच असं नाही. औषध मीच आणलं होतं." तिचं बरोबरच असणार. आप्पांना देव करायचा माझा विचार तिथंच थांबला, ते बरं झालं.

बाराव्यानंतर गल्लीच्या देवळात शोकसभा झाली. भाषणांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, शोकसभेत माणसं जे बोलतात ते बोलली. त्यातला एकच लक्षात राहिला, तो जुना मोल्डर. काठी टेकत आला होता. मराठीत सुरुवात केली, मध्येच कन्नडमध्ये गेला, परत मराठीत आला. गणित शिकलेली ती पोरगी आता बँकेत आहे म्हणाला. मग बोलता येईना, तसा खाली बसला.

आईची पेन्शन मंजूर झाली तेव्हा दिवाळी आली होती. सगळी देणी फेडत आणली होती आम्ही. मंडपवाला, भटजी, पेपरवाला. एकच राहिलं होतं, मातीच्या सामानाच्या दुकानाचं. त्या पहाटे दादानं पैसे न देताच पोराला पिटाळलं होतं, नंतर देतो म्हणून. आणि नंतर दादाच्या डोक्यातून ते साफ गेलं. भाऊबीजेला आले होते तेव्हा मीच गेले.

दुकानदारानं माझी ओळख पटल्यावर स्टूल पुढं सरकवलं, पण पैसे घेईना. म्हणाला, तुमचं काही देणं नाही. मला वाटलं, उपकार करतोय. मी जरा ताठच झाले. आप्पांना उधारी आणि उपकार दोन्ही खपत नसत. तेव्हा त्यानं खालच्या फळीवरून आपली वही काढली. त्यात आप्पांच्या नावावर एका संचाचे पैसे कायम आगाऊ भरलेले असत. ज्याच्याकडं ऐन वेळी पैसे नसतील त्याला तो संच द्यायचा, विचारायचं नाही. तो गेला की आप्पा महिन्याच्या आत दुसरा भरायचे. कित्येक वर्षं हे चालू होतं. त्या दिवशी तुमचा पोरगा रिकाम्या हातानं आला, म्हणून तोच दिला, म्हणाला. रीतच ती.

मी पैसे मोजून त्याच्यापुढं ठेवले. त्यानं ह्या वेळी घेतले. कुणाच्या नावावर लिहू विचारलं, आहे त्याच नावावर राहू दे म्हटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चौकटीला टेकून ऐकत होती, तिथंच, जिथं आमच्या उंचीच्या खुणा आहेत. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे स्वतःचं सामान स्वतःच आणून ठेवलं होतं की."

"होय की."

"मग पुढचा भरलास न्हवं?"

"भरला."

"बरं केलंस," म्हणाली आणि भात वैरायला आत गेली. आठ वाजत आले होते.